कानबाईच्या सोमवारची लाट

“काकी, तुम्ही मधमा बठा. तुम्ही मना लंगर शेतस!”

लोटन नाना असं म्हणाला आणि नावेतल्या आम्ही सगळ्याजणी फसकन हसलो. धनकुंवरकाकींचा एक पाय घाटाच्या पायरीवर होता, दुसरा नावेत. त्या तशाच थांबल्या.

“लंगर म्हणतो काय रे मला? ये उद्या दुकानात साखर घ्यायला. तोलून देते तुला!”

“तोला, काकी. पन आते बठा. पानीले वजन समजस, मान समजत नही.”

काकी तोंड वाकडं करून, पण हसू दाबत मधल्या फळीवर बसल्या. लोटनने लगेच दोघी बारीक बायकांना डावीकडे सरकवलं, एका लेकुरवाळीला मागे बसवलं आणि मला नेहमीप्रमाणे पुढच्या टोकाला. मग वल्ह्याने पायरीला हलकेच रेटा दिला. नऊ बायका भरलेली नाव अशी सुटली की माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणीही हिंदकळलं नाही.

श्रावणातला कानबाईचा सोमवार होता. आदल्या दिवशी घरोघरी कानबाई, आम्हा खानदेशकरांची देवी, नारळाच्या रूपात बसली होती, रोटांचा नैवेद्य झाला होता, रात्रभर गाणी झाली होती. आता सगळ्या गल्ल्यांतून वाजतगाजत ती विसर्जनाला आमच्या सोनतळ्यावर यायची होती. तलावाच्या पलीकडच्या काठाला महादेवाचं देऊळ आहे. मी दर सोमवारी तिथे जाते. अकरा वर्षं लोटनच्या नावेनेच जात होते. चालत जायचं तर पाळेवरून, म्हणजे तलावाच्या दगडी बांधावरून, तीन मैलांचा वळसा पडतो.

एके काळी त्या पाण्यावर लोटनची नाव आणि बगळे, एवढंच असायचं. आता सुट्टीच्या दिवशी धुळ्याहून, शिरपूरहून गाड्या भरून माणसं येत. पायांनी चालवायच्या चार हंसाच्या होड्या आल्या होत्या. ट्रकच्या ट्यूबा घेऊन पोरं पाण्यात उतरत. आणि त्या उन्हाळ्यापासून, म्हणजे एक्याण्णवच्या मेपासून, रतिलाल शेठची मोटारबोट आली होती. लालभडक, आठ माणसांची. ती सुरू झाली की घाटावरचा भेळवालासुद्धा कांदा चिरायचा थांबून बघायचा.

ती बोट चालवायचा सुकदेव. लोटनचाच मुलगा.

सुकदेव आधी शेतांवरच्या विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. इंजिनाची जाण होती म्हणून शेठने त्याला उचललं. बाप-लेक सकाळी एकाच घरातून एकाच फडक्यातल्या भाकरी घेऊन निघायचे आणि तलावावर आले की एकमेकांच्या वाटेत यायचे. मोटार भरधाव गेली की मागे जी लाट सुटे, ती लोटनच्या नावेला आडवी धडकायची. लाट दिसली की लोटन नावेचं तोंड तिच्याकडे वळवायचा. “लाट नाकवर लेवानी, कुशीवर नही,” म्हणायचा. नाव वर चढायची, खाली उतरायची, आम्ही ‘अगं बाई’ करायचो आणि पुन्हा सगळं शांत.

पण खरी लाट पुढे असायची. ती दगडी पाळेवर आपटून परत यायची. ती कुठून येईल याचा भरवसा नसे.

लोटनने शेठला दोनदा विनवलं होतं. मी समोरच होते एकदा.

“शेठजी, गर्दीमा तरी हळू चालवाले सांगा. पोरंसोरं ऱ्हातस पानीमा.”

“अरे लोटन,” शेठ पान लावत म्हणाले, “हळू चालणारी मोटार बघायला कोण येणार? लोक लाट बघायलाच येतात. तुझी नाव बघायला येतात का? आणि समितीचं पत्र वाचलंस ना?”

लोटनला वाचता येत नव्हतं, पण पत्र त्याला पाठ झालं होतं. तलाव समितीचे साहेब कानबाईच्या सोमवारी स्वतः येणार होते. वल्ह्याच्या नावेची मोटारीला अडचण होते की नाही, हे डोळ्यांनी बघणार होते. अडचण झाली असं त्यांनी लिहिलं, तर लोटनचा परवाना त्या दिवशीच संपणार होता. त्याच्या आज्याने ज्या पाण्यावर नाव चालवली, त्या पाण्यावर तो जाळंदेखील टाकू शकला नसता. म्हणून त्या दिवशी तो हसत होता, थट्टा करत होता, आणि सारखा पाळेकडे बघत होता. साहेब तिथे छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. गळ्यात दुर्बीण होती. शेजारी रतिलाल शेठ.

“नाना, भ्यालात का?” मी विचारलं.

“अक्का, पानीले भ्यावानं. कागदले काय भ्यावानं?” तो म्हणाला. पण त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं.

आम्ही घाटापासून शंभरेक हात आत आलो आणि घाटावर एकदम डफ कडाडले. पहिली कानबाई आली! नवी साडी, नथ, डोक्यावर पाट आणि पाटावर नारळातली आई. मागे दुसरी, तिसरी, पाचवी. गुलालाने हवा लाल झाली. बायकांच्या फुगड्या, पोरांच्या शिट्ट्या, वाजंत्र्यांचा कल्लोळ. हंसाच्या होड्या जागच्या जागी गोल फिरायला लागल्या, कारण पाय मारणारे सगळे घाटाकडे बघत होते.

आणि याच वेळी मोटार निघाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. शेठने पाळेवरून उपरणं उंच करून गरागरा फिरवलं. म्हणजे, जोरात घे! सुकदेवने घेतली. लाल बोटीचं नाक पाण्यातून वर उठलं, मागे पांढरी शेपटी फुटली. एक फेरी. दुसरी फेरी. ट्यूबांवरची पोरं लाटांवर उसळून किंचाळत होती, आनंदानेच. खरं सांगते, मीसुद्धा हसत होते.

आमच्याकडे रीत आहे. कानबाई विसर्जनाला डोक्यावर उचलली की तिच्यासमोर कुणी बसत नाही. आजारी म्हातारीलाही दोघी धरून उभी करतात. ती पाण्याला टेकली की मगच गुडघ्यांवर बसून पदर पसरायचा. घाटावर पाच जणींनी एकदम पाट उचलले, आणि नावेतल्या आम्ही नऊच्या नऊ जणी, हात जोडून, उठून उभ्या राहिलो.

विचार कुणीच केला नाही. लहानपणापासूनची सवय ती. पाय आपोआप उठले.

नाव डगमगली. लोटनचा आवाज आला, “बठा! बठा माय!” पण आईसमोर बसायचं कसं? धनकुंवरकाकी डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी डोळे उघडे ठेवले होते म्हणून मला दिसलं. तिसऱ्या फेरीला मोटार आमच्याच अंगावर येत होती. तिच्या आधीच्या फेरीची लाट पाळेवर आपटून उजवीकडून परत येत होती.

लोटनने एकदाच पाळेकडे पाहिलं. मग वल्हं पाण्यात खुपसून तो असा काही ओरडला की डफसुद्धा मागे पडले.

“आई पानीले लागनी! पदर पसरा! गुडघावर बठीसन आशीर्वाद ल्या!”

नऊ जणी धाडकन गुडघ्यांवर आल्या, पदर पसरले. कानबाई अजून चार पायऱ्या वर होती. लोटन धडधडीत खोटं बोलला होता. पण नाव खाली बसली होती, आणि एका वल्ह्याच्या जोरावर त्याने तिचं तोंड उजवीकडे फिरवलं. लाट आली. नाव नाकाने वर चढली, माझा तांब्या उडून पाण्यात गेला, आणि आम्ही खाली उतरलो. कोरड्या!

“पदर धरीसन ठेवा!” लोटन ओरडला. “उठानं नही!”

तिकडे सुकदेवने आम्हाला पाहिलं होतं. बाप दिसला, उभ्या बायका दिसल्या. घाबरून त्याने इंजिन एकदम बंद केलं. बापाने त्याला कितीदा सांगितलं असेल, पळती बोट एकदम थांबवू नको, तुझीच लाट मागून येऊन तुझ्या पाठीवर बसेल. तो हसायचा. आता तीच लाट आली. मोटार थांबली आणि मागचं पाणी बोटीच्या पाठीवरून आत शिरलं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. आतली आठ माणसं किंचाळत एका कडेला धावली. बोट कलंडू लागली.

“त्या कडेले नका जाऊ! मधमा बठा, मधमा!” लोटन उभा राहून हात हलवत होता. “सुकदेव! भो, बठाड त्यासले!”

सुकदेवने दोघांना खांदे धरून खाली दाबलं, बाकीचे आपोआप बसले. लोटनने दोर फेकला. पहिला चुकला. दुसरा सुकदेवने झेलला. पण आमची नऊ जणींची नाव आणि पाण्याने भरलेली ती मोटार, एकट्या माणसाने किती ओढायचं? त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. नाव जागची हलेना.

“सर तिकडे!” धनकुंवरकाकी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरं वल्हं धरलं. “ये गं तूही!” मी त्यांच्याशेजारी बसले. आयुष्यात मी ताकाच्या रवीपलीकडे काही ओढलं नव्हतं.

“मनासंगे,” लोटन म्हणाला. “ओढा... सोडा. ओढा... सोडा.”

काकी हां, हां करत ओढत होत्या. मागच्या बायकांनी कानबाईचं गाणं धरलं, त्याच तालावर. नाव सरकली! मोटार मागून डुलत डुलत आली. घाटावर कुणी नाचायचं थांबलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, ही पण एक मिरवणूकच. पन्नास-साठ हात ओढल्यावर मोटारीचा तळ वाळूला लागला. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारून काठाला पळाली. एका बाईची चप्पल वाहून गेली. बस्स, एवढंच नुकसान.

काकींनी आपले लाल झालेले तळवे मला दाखवले आणि पोरीसारख्या खिदळल्या. “लंगर म्हणत होता!”

तोवर पाळेवरून साहेब आणि शेठ धावत आले होते. शेठचं उपरणं अजून हातातच होतं.

“मी सांगत होतो ना साहेब! ही नाव आडवी आली! आठ माणसं मेली असती माझी!”

साहेब शहाणा माणूस वाटत होता. त्यांनी शांतपणे सुकदेवकडे पाहिलं. “मोटार वेगात होती. चालवणारा कोण, तू? खरं काय ते सांग. चूक तुझी असेल तर तुला पुन्हा या पाण्यावर उतरता येणार नाही.”

सुकदेव निथळत उभा होता. त्याने तोंड उघडलं.

“साहेब,” लोटन मधेच बोलला, “मनीच नाव आडी उनी. त्याले मोटार बंद करनी पडनी.”

“नाना!” सुकदेव म्हणाला.

“तू गप ऱ्हाय.”

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, तुम्ही नावेत होतात ना?”

माझा सोमवार होता. उपास सुटेपर्यंत मी खोटं बोलत नाही. आणि खरं बोलावं तर समोर लोटनचे डोळे होते. मी म्हटलं, “साहेब, आम्ही बायका नावेत उभ्या राहिलो. चूक झाली ती आमची.”

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. परवान्याचा कागद लोटनने स्वतःच कमरेच्या पिशवीतून काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला.

“मोटारीला नियम घालतो,” साहेब हळूच म्हणाले. “गर्दीत सावकाश.”

“तेवढं करा, साहेब.”

सगळे गेल्यावर सुकदेव वाळूत बसून रडायला लागला. “तू असं का बोलना, नाना? तुले आते पानीवर येता येवाव नही.”

लोटन दोर गुंडाळत होता. “तुले आजून शिकनं शे,” तो म्हणाला. “घर बठीसन कोनी शिकस का?”

मग मला म्हणाला, “अक्का, महादेवले सांगज्यात, लोटन आज दोन येळ खोटं बोलना.”

मी त्या दिवशी पाळेवरून चालत देवळात गेले. निरोप दिला.

पुढच्या सोमवारी आम्हाला पलीकडे न्यायला घाटावर मोटार उभी होती. धनकुंवरकाकी आधीच मधे बसल्या होत्या. लोटन पायरीवर उभा होता, धुतलेलं धोतर नेसून, हाती महादेवाचा नारळ. सुकदेवने हात पुढे केला. “ये ना, नाना.” लोटनने तो हात धरला नाही, पण उतारू म्हणून चढला.

सगळे पुढे तोंड करून बसले. तो मात्र मागे तोंड करून बसला. वल्हवणारा माणूस जन्मभर तसाच बसतो, त्याला दुसरीकडे तोंड करून बसता येत नाही.

सुकदेवने मोटार सुरू केली, इतकी हळू की धुणं धुणाऱ्या बायकांनी मानही वर केली नाही. लोटनने नारळ पायाशी ठेवला होता. दोन्ही हात मांड्यांवर होते, मुठी अर्धवट मिटलेल्या. बोट पुढे जात होती, आणि त्या रिकाम्या मुठी मांडीवर किंचित मागे येत होत्या, पुढे जात होत्या, मागे येत होत्या.