जेवणाआधी ग्रां-प्लास

यामिनी फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होती, आणि ही शेवटची संधी होती. नागपूरच्या दवाखान्यात बारा वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई, पण मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच येत नाही तोवर नर्सचा परवाना नाही. तीन वर्षं ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, जेवण भरवत होती. ते काम काही हलकं नाही हो, पण नर्सनं इंजेक्शनला हात लावायचा नाही म्हणजे काय! या वेळी नापास झाली तर टोरंटोला जायचं, असं तिच्या नवऱ्यानं, शैलेंद्रनं, सांगूनच टाकलं होतं. "काहून जीव जाळतेस? तिकडे इंग्लिश चालते ना." यामिनी एवढंच म्हणाली, "मी इथंच पास होते. तू सामान बांधू नको."

२०१७चा मार्च. टेबलापलीकडे दोन परीक्षक बाया. त्यातल्या थोरलीनं एक फोटो पुढे सरकवला. ब्रसेल्समधला जुना चौक, ग्रां-प्लास. चहूबाजूंनी सोनेरी नक्षीची घरं, मधे दगडी फरसबंदी, एका अंगाला नगरभवनाचा उंच मनोरा. "तुम्ही इथं फिरायला गेला आहात असं समजा आणि सांगा."

यामिनी फोटोकडे बघतच राहिली. "समजायचं कशाला? मी रोज जाते. जेवणाआधी."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. झालं, बाई गडबडली, असंच त्यांना वाटलं असणार.

मग यामिनीनं सांगायला सुरुवात केली. मोडकंतोडकं बोलली, पण थांबली म्हणून नाही. आश्रमात मादाम एलेन आहेत. जन्म ब्रसेल्सचा, लग्न करून इकडे आल्या, आता आठवणी पार विस्कटल्या आहेत. रोज साडेअकरा वाजले की मला चौकात न्या म्हणून हट्ट धरतात. तिथं काम करणाऱ्या बाकीच्या बाया म्हणायच्या, मादाम, हा डायनिंग हॉल आहे, बसा गुपचूप. मादाम रडायच्या. शेवटी एक दिवस यामिनीनं व्हीलचेअर काढली नि म्हणाली, चला! तेव्हापासून टेबलांमधून रोज दोन फेऱ्या. दाराजवळचा खांब म्हणजे मनोरा. सूपच्या काउंटरवर फुलं विकतात. दगड ओले आहेत, हळू चालव, असं मादाम दटावतात, आणि यामिनीचा उच्चार चुकला की तीनदा म्हणून घेतात. क्लासमध्ये घोकून घोकून जे डोक्यात शिरलं नाही, ते त्या चौकात शिरलं.

"मनोरा किती उंच आहे?" धाकटीनं विचारलं.

"नोनांत-सिस मीटर." म्हणजे शहाण्णव.

धाकटी फिसकन हसली. "नोनांत! हे बेल्जियमचं झालं. इथं नव्वदला कोणी असं म्हणत नाही."

थोरली मात्र हसली नाही. "पेशंटचं बीपी फोनवर असं सांगितलंत आणि समोरच्याला कळलं नाही, तर?"

यामिनीला वाटलं, गेला परवाना! पण लगेच तिचं टाळकंही सटकलं. बारा वर्षं बीपी मोजलेली बाई ती. "तुम्ही आकडे सांगा," ती म्हणाली, "तुमच्या पद्धतीनं. मी लिहिते." इथली पद्धत म्हणजे नव्वदला चार-वीस-दहा, म्हणजे चार विसा ऐंशी आणि वर दहा. बाप्पा, आकडा आहे की गणिताचा पेपर! थोरलीनं भराभर दहा आकडे सांगितले. यामिनीनं दहाही लिहिले, आणि कोणी न विचारता इथल्याच पद्धतीनं वाचूनही दाखवले. एकही चुकला नाही.

थोरलीनं पेन खाली ठेवलं. "माझी आईपण आश्रमात आहे," ती हळूच म्हणाली. "रोज माहेरी जायचं म्हणते. मी समजावते, आई, ते घर कधीच विकलं. मग ती रडते. मी काय सांगू तिला?"

"काही सांगू नका. तिच्या पायात बूट घाला आणि विचारा, कुठल्या रस्त्यानं जायचं."

हे वाक्य यामिनीनं आधी मराठीत जुळवलं नव्हतं. ते सरळ फ्रेंचमध्येच आलं, आणि तिच्या लक्षात येईपर्यंत बोलूनही झालं होतं.

थोरलीनं डोळे पुसले, निकालाचा कागद ओढला आणि खाली सही केली. "व्याकरणाच्या चुका खूप आहेत," ती म्हणाली. "परवान्याचा अर्ज सोमवारी करा."