लाल मासोळ्यांचा तुकडा

माझं झाकण एका कोपऱ्यात दबलंय, अंगावरचे दोन बगळे पुसट झालेत आणि तळाला गंज धरायला लागलाय. पण मित्रांनो, मला ऐरागैरा पत्र्याचा डबा समजू नका. जपानमधल्या साकाता बंदरातल्या पाच बायकांच्या चिंध्या मी एकोणीस वर्षं घरोघर फिरवल्या आहेत. कालपर्यंत माझ्या पोटात बटणं होती. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तीच सांगायला बसलोय.

माझा जन्म कारखान्यातला. तांदळाच्या खारट वड्या भरून मला उन्हाळ्याची भेट म्हणून मित्सुए-सानच्या घरी धाडलं गेलं; 'सान' म्हणजे तुमच्या 'बाई' किंवा 'राव'सारखं. ती शाळेत शिवण शिकवायची. वड्या आठवड्यात संपल्या, पण मला फेकायला तिचा हात धजेना. "इतका चांगला डबा," ती म्हणाली, आणि माझ्यात उरलेले कापडाचे तुकडे घालून ठेवले. तिथून माझं नशीब उघडलं.

दर रविवारी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत पाच जणी गोधड्या शिवायला जमायच्या. मित्सुए-सान सगळ्यांत मोठी, म्हणून हुकूम तिचा. न्हाव्याची बायको कायो, जिचं तोंड तिच्या नवऱ्याच्या कातरीपेक्षा जास्त चालायचं. लोणच्याचं दुकान चालवणाऱ्या इने आणि फुकी या दोघी बहिणी, ज्या एकमेकींची वाक्यं पुरी करायच्या. आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करून विकणारी ताझुए, जी बोलायची कमी आणि शिवायची बारीक.

नियम मित्सुए-सानने केले. डबा प्रत्येकीच्या घरी एक आठवडा राहील. उघडायचा, एक गुंडाळी काढायची, आपली एक ठेवायची. आत काय आहे ते दिसू नये म्हणून कापड घट्ट गुंडाळून वर दोरा बांधायचा. कुठून आणलं ते विचारायचं नाही. दिलेलं परत मागायचं नाही, परत करायचंही नाही. आणि फारच सुरेख काही निघालं, तर एकटीनं दडपायचं नाही, रविवारी पाच वाटे करायचे.

मला ते फिरणं फार आवडायचं. कायोकडे साबणाचा वास, बहिणींकडे लाल सलगमाच्या लोणच्याचा, ताझुएकडे वाफेचा आणि ओल्या सोयाबीनचा. ताझुए माझी सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची. टोफू करणारीचे हात, त्यांना घाण खपत नाही. नव्या वर्षाला मी कुणाच्याही घरी असलो, तरी पुढच्या पाळीला ती मला रिकामा करायची, पुसायची आणि तळाचं जुनं वर्तमानपत्र काढून नवं घालायची. बाकीच्या चौघींना तळाला कागद आहे हेसुद्धा माहीत नसेल. नाही म्हणायला मित्सुए-सानला होतं. तिला सगळंच माहीत असायचं.

आता चूक सांगतो. टोफू गाळायची पांढरी फडकी जुनी झाली की ताझुए त्यांत आपलं कापड गुंडाळायची. डब्यासाठी गुंडाळायचं तेही त्यात, आणि खणात जपून ठेवायचं तेही त्यातच. नववर्षाच्या साफसफाईत दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी पडल्या. तिनं एक उचलून माझ्यात ठेवली आणि मला कायोकडे पोचवलं. कायोनं नेमकी तीच काढली.

त्या रविवारी ताझुए उशिरा आली, हातात गरम टोफूचं भांडं घेऊन.

"ये ये," कायो म्हणाली, "तुझा वाटा अजून शाबूत आहे हे तुझं नशीब. ही इने दोन उचलत होती."

"मी एकच उचलला," इने म्हणाली.

"दुसऱ्याकडे नुसती बघत होती," फुकीनं पुरवणी जोडली.

चटईवर पाच षट्कोनी तुकडे होते. पांढऱ्या कापडावर लाल मासोळ्या, प्रत्येक तुकड्यावर एक. कायोनं अगदी मापून कापले होते. "पाच मासोळ्या आणि आपण पाच जणी," ती म्हणाली, "कापडालाच आपली मोजदाद माहीत होती म्हणायची."

एका मासोळीला डोळाच नव्हता, छपाईत राहून गेला होता. ती मित्सुए-साननं मागून घेतली. "ही मला द्या. चूक कुठे बसवायची ते कळायला चाळीस वर्षं जावी लागतात."

ताझुएनं भांडं खाली ठेवलं. आपला तुकडा दोन्ही हातांनी घेतला, मान लववली आणि म्हणाली, "किती सुरेख आहे." एवढंच. कडेच्या बारीक कातरणी कायोनं गोळा करून केरात टाकल्या, त्यांच्याकडे ताझुए बघत राहिली.

माझी पाळी तिच्या घरी आली तेव्हा मला सगळं कळलं. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. तिनं माझं झाकण उघडलं आणि प्रत्येक गुंडाळी चाचपली, जणू काही तिथं अजून मिळणार होतं. मग माझ्याशीच बोलायला लागली. माणसं डब्याशी बोलतात, मित्रांनो. डबा उलट उत्तर देत नाही म्हणून असेल.

ते कापड तिच्या मुलीचं होतं. इकुमी पाच वर्षांची असताना ताझुएनं तिला उन्हाळी किमोनो शिवला होता. मग तो आखूड झाला, त्याची फडकी झाली, आणि शेवटी बाहीचा हातभर तुकडा उरला. इकुमी प्रत्येक मासोळीला नाव द्यायची. बिनडोळ्याची ती झोपाळू. "तिला उठवू नकोस, आई," म्हणून इस्त्रीसुद्धा हळू करायला लावायची.

विसाव्या वर्षी इकुमी म्हणाली, मला टोफूचं दुकान चालवायचं नाही, मी ओसाकाला जाणार. ताझुएचा नवरा नुकताच वारलेला, दुकान तिच्या एकटीच्या अंगावर. ताझुएच्या तोंडून निघून गेलं, "जायचं तर जा, पण परत येऊ नकोस." मुलीनं शब्द खरा धरला. त्याला सात वर्षं झाली होती. वर्षाला एक छापील शुभेच्छापत्र यायचं, त्यावर हातानं एक अक्षर लिहिलेलं नसायचं.

"मला बोलून माफी मागता येत नाही रे," ताझुए मला म्हणाली. "ती कधी आली असती तर हे तिच्या हातात ठेवणार होते. तिला कळलं असतं."

परत मागायचं नाही हा नियम. तिनं मागितलं नाही. मला वाटे, झाकण आपटून ओरडावं. पण पत्र्याला ओरडता येत नाही.

वसंतात समाजमंदिरात गोधड्यांचं प्रदर्शन झालं. मला दाराशी चिठ्ठ्या टाकायला ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. ताझुए चार गोधड्यांपुढे उभी राहिली, आणि चारही ठिकाणी एकाच जागी बघत. हात लावायचा नसतो, म्हणून तिनं स्वतःच्याच तळहातावर बोट फिरवलं. इतर कुणाच्या लक्षात आलं नाही. कायोच्या आलं. दुसऱ्या दिवशी ती टोफू आणायला गेली आणि दुकानात भिंतीवर टांगलेला फोटो, जो ती वीस वर्षं बघत होती, पहिल्यांदा नीट बघितला. उत्सवाच्या दिवशी पाच वर्षांची इकुमी, अंगात लाल मासोळ्या.

पुढच्या फेरीत मी कायोकडे होतो. सहा महिने शिवलेली गोधडी तिनं मांडीवर घेतली आणि टाके उसवायला बसली.

"एवढी चांगली फाडतेस कशाला?" नवरा म्हणाला.

"फाडत नाही हो, उसवतेय. तुम्ही तिकडे गिऱ्हाइकाच्या कानाकडे लक्ष द्या."

तिनं मासोळी काढली, त्याच पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्यात ठेवली. कुणाला एक शब्द सांगितला नाही. फडक्यावर मात्र लाल दोऱ्यानं छोटंसं 'ताझुए' टाकलं. रविवारी बहिणींनी कायोची गोधडी पाहिली, मधोमध नवंच कापड. इनेनं फुकीकडे पाहिलं, फुकीनं इनेकडे. त्यांच्या पाळीला एकाच गुंडाळीत दोन मासोळ्या आल्या. मी त्या ताझुएकडे नेल्या तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि फडकं डोळ्यांना लावून रडली. स्वतःची धरून चार झाल्या. राहिली फक्त झोपाळू.

कायोनं मित्सुए-सानला आडून आडून सुचवलं, "तुमच्या गोधडीतला मधला तुकडा जरा सैल वाटतो."

"माझा टाका सैल नसतो," मित्सुए-सान म्हणाली आणि विषय संपला.

सगळ्यांना वाटलं, म्हातारी कठोर आहे. मलाही वाटलं. पण दुसऱ्या हिवाळ्यात, नवं वर्ष उलटून चार दिवस झाले होते, बाहेर समुद्रावरून बर्फ आडवं येत होतं, तेव्हा तिनं मला चुलीजवळ घेतलं. तिनं गोधडीतून झोपाळू उसवली. मग माझ्यातल्या गुंडाळ्या बाहेर काढल्या, तळाचा कागद उचलला, ती मासोळी त्याच्याखाली नीट पसरली आणि कागद परत दाबला.

"नियम मी केला," ती पुटपुटली. "मीच मोडला हे चारचौघांत दिसायला नको. ताझुए कागद बदलेल तेव्हा तिला सापडेल."

रविवारी मी ताझुएकडे जाणार होतो. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी एखाद्या रविवारची इतकी वाट पाहिली नव्हती. शनिवारी छपरावरचं बर्फ उतरवताना मित्सुए-सानचा पाय शिडीवरून सटकला. मुलगा तिला इस्पितळात आणि तिथून सेंदाईला आपल्या घरी घेऊन गेला. चेरी फुलायच्या आत ती गेली. मुलानं घर रिकामं केलं आणि मला समाजमंदिराला देऊन टाकलं. तिथल्या राखणदारानं माझ्यात बटणं ओतली, वर 'बटणं' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला फळीवर ठेवलं.

त्यानंतर मंडळ आपोआप थांबलं. वेळेवर या म्हणून ओरडायला कुणी उरलं नाही. कायो आपल्या गोधड्यांचे फोटो फोनवर टाकायला लागली. देशभरातल्या बायका ते बघतात म्हणे, खाली कौतुक लिहितात, आपलंही दाखवतात. मला हेवा वाटायचा. फोनला कापडाचा वास कुठून येणार, असं मी फळीवर बसून स्वतःला समजावायचो.

वर्षातून एकदा मात्र सगळ्या यायच्या. फेब्रुवारीच्या आठ तारखेला मोडलेल्या सुयांना मऊ टोफूत टोचून त्यांचे आभार मानतात, की बायांनो, आयुष्यभर कडक कापडातून गेलात, आता मऊ जागी विसावा. टोफू ताझुएचाच. ती माझ्यासमोर उभी राहायची, अंगावरच्या बगळ्यांवरून बोट फिरवायची. पण मी आता समाजमंदिराचा. दिलेलं परत मागायचं नाही. तीन वर्षं ती बोट फिरवून परत गेली आणि तीन वर्षं माझ्या तळाशी झोपाळू तशीच पडून राहिली. तुम्हाला कधी असं झालंय का, की हवं ते आपल्यापाशी आहे, हवं असणारं माणूस हातभर अंतरावर आहे, आणि देता येत नाही?

गेल्या शरदात ताझुएनं वाट बघणं सोडलं. चार मासोळ्या जोडून तिनं मांडीवर घ्यायची लहान गोधडी केली, आणि पाचव्या जागी टोफूचं पांढरं फडकं बसवलं. कायोला ती इतकी आवडली की तिनं फोटो काढून फोनवर टाकला. शेकडो बायकांनी वाहवा केली. त्यांत एकीनं फक्त दोन शब्द लिहिले होते: "झोपाळू कुठेय?"

कायो फोन घेऊन तशीच घरातल्या चपला न बदलता टोफूच्या दुकानात धावली, हे तिनंच नंतर फळीखाली उभं राहून बहिणींना सांगितलं. मी हेवा गिळला. खरं ते खरं, बारा वर्षांनी इकुमीला परत आणलं ते फोननं.

काल आठ तारीख होती. ताझुएबरोबर एक बत्तीस वर्षांची बाई आली, खांद्यावर ती लहान गोधडी. दोघी फार बोलत नव्हत्या. तीन दिवस राहूनही नेमकं बोलायचं ते बोललंच गेलं नव्हतं, हे माझ्यासारख्या डब्यालाही कळलं. सुया टोचून झाल्यावर इकुमीनं पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ही राहिलीच ना, आई."

"ती मित्सुए-सानकडे होती. गेली तिच्याबरोबर."

"तू मागायचीस की."

"मागत नाहीत गं. तसा नियम होता."

तेवढ्यात राखणदार मोरोओका-सान फळ्या रिकाम्या करायला आला. उद्या पत्र्याचा कचरा न्यायचा दिवस, म्हणाला, आणि मला काखोटीला मारलं. मी मनातल्या मनात झोपाळूची क्षमा मागितली.

"हा आम्ही नेला तर चालेल?" इकुमीनं विचारलं.

ताझुएनं तिची बाही ओढली. "मागू नये गं असं."

"विचारायला काय जातं, आई? नाही म्हणाले तर नाही."

मोरोओका-सान हसला. बटणं पिशवीत ओतली आणि पिशवीसकट मला तिच्या हातात दिलं. बारा वर्षांचं आणि तीन वर्षांचं ओझं त्या एका वाक्यानं जागचं हललं, मित्रांनो. इतकं सोपं होतं ते.

आज सकाळपासून मी टोफूच्या दुकानात आहे. तीच वाफ, तोच ओल्या सोयाबीनचा वास. इकुमीची गाडी चार वाजता आहे, पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. मघाशी ताझुएनं माझं झाकण काढलं, आत डोकावली आणि नाक मुरडलं. "किती गंज. मित्सुए-साननंतर माझीच पाळी होती याची. आधी कागद बदलू." आणि जुनं वर्तमानपत्र शोधायला आत गेली. इकुमी माझ्यासमोर बसली आहे, रडू येऊ नये म्हणून पिशवीतली बटणं निवडत.

म्हणून जाता जाता एवढंच विनवतो. जुना डबा फेकण्याआधी त्याच्या तळाचा कागद एकदा उचलून बघत जा. आणि जीव ज्यात अडकलाय ते मागायला लाजू नका, नियम कुणाचाही असो. आतल्या खोलीतून तिची पावलं येतायत. गंजामुळे कागदाचा एक कोपरा तळापासून सुटलाय, तो मी होईल तितका वर धरून ठेवलाय.