संगीताचा हात कोण धरणार?

त्या सकाळी पुसदच्या एका शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सराव सुरू झाला आणि लगेच थांबला. साखळी करताना संगीताचा हात धरायला कुणी तयार होईना. तालुक्याचा अंतिम सामना याच हातांच्या पकडीने जिंकला होता! पण वसतिगृहात राहणाऱ्या, दहावीतल्या संगीताने आदल्या दिवशी डबा खाताना संघातल्या मैत्रिणीला, गौरीला, सांगितले होते की आपल्याला मुली आवडतात. मागच्या बाकावर कुणीतरी ते ऐकले आणि संध्याकाळपर्यंत घरोघर पोहोचवले.

सगळ्यांत आधी गौरीची आईच शाळेत धावली. शोभाताई बँकेत अधिकारी, महिलादिनाला समानतेवर भाषण करणाऱ्या. "मुली जिल्ह्याला मुक्कामी जाणार. हिच्या शेजारी झोपतील का?" त्यांनी क्रीडाशिक्षक वामनरावांना सुनावले. वामनरावांनी संगीताला संघातून काढले आणि फोन करून तिच्या वडिलांना सगळे सांगून टाकले. त्या मुलीला विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

तिचा बाप फुलचंद फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरून आला, तो तिला न्यायलाच.

"चाल. लय झाली शाळा. तुही याडी, तुही माय, रडून राह्यली. मामानं पोरगा पाह्यला हाय. लगन झालं का सारं ठीक होते."

सोळा वर्षांच्या पोरीवर हा इलाज! आणि शिकलेली माणसे गप्प उभी. शोभाताईंनी तर मानही डोलावली.

तेव्हा सकाळी मागेच राहिलेली गौरी पुढे आली. तिने संगीताचा हात घट्ट धरला.

"सर, मले पोट्टे आवडते. साऱ्या संघाले मालूम हाय. मंग मले काहून नाई काढलं?"

"गौरी! लाज नाही वाटत?" शोभाताई ओरडल्या.

"वाटते न, आई. तुहीच वाटून राह्यली. सर, संगीता नाई तं मीबी नाई खेळत."

"संघच मागे घेईन!" वामनराव गरजले.

"घ्या."

संघातल्या सोनू आणि सत्यशीला या दोघी पुढे येऊन साखळीत उभ्या राहिल्या. बाकीच्या मातीकडे बघत राहिल्या, हेही सांगायलाच हवे.

संगीता बापाकडे वळली. "बा, मी नाई येत. मले लगन नाई कराचं. शिकाचं हाय."

फुलचंदने हात उगारला. चौघींपैकी एकही मागे सरली नाही. उगारलेला हात खाली घेऊन तो फाटकाबाहेर पडला.

शाळेने संघ मागे घेतला. कारण दिले, मुलींची बेशिस्त. संगीता अजून शाळेत येते. येत्या पालकसभेत तिला शाळेतूनच काढण्याची मागणी होणार आहे म्हणे. ती करणारे कुणी गुंड नाहीत; मुलांचा अभ्यास घेणारी, चांगल्या घरची माणसे आहेत. त्या सभेत तुम्हीही असाल. तिथे गप्प बसलात, तर त्या पोरीच्या डोक्यावर अक्षता तुम्हीच टाकल्या असे समजा.