चवई आणि रानकेळ

मालनच्या भेंडीच्या वाफ्यात उभा राहून धोंडू सकाळपासून एकच तुणतुणं वाजवत होता.

"चवय म्हणजे केळ, आणि रानकेळ म्हणजेय केळच! नाव बदलला म्हणान झाड बदलता? एका देवकाची पोरां भाव-बहीण लागतत. ह्या लगीन होवचा नाय!"

भेंडीची कूस मालनच्या बोटांना झोंबत होती आणि दिराचं बोलणं कानांना. "भावजी, निदान बांधार उभे रवा. रोपां तुडवतास."

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. संपात गिरणी गेली तसं धोंडूचं काम गेलं, आणि बिनकामाच्या माणसाला रीतभात फार आठवते. मालनचा नवरा मागेच वारलेला. लेकीचं, प्रेमाचं, कन्यादान धोंडूनेच करायचं. त्याने पाठ फिरवली तर मांडवच उभा राहणार नव्हता.

मुलगा वाडीतलाच, नंदू. दोघांचं मन जुळलेलं, घरच्यांचंही जुळलेलं. सुपारी फोडताना कुणीतरी देवक विचारलं आणि घात झाला. देवक म्हणजे कुळाचं झाड. आपल्या देवकाला कुणी कोयत्याचं पातं लावत नाही, आणि एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. प्रेमाच्या घरचं देवक चवई, नंदूच्या घरचं रानकेळ. धोंडूने सुपारी तशीच खिशात घातली.

"मग बाजारातली केळी कशी खाता, काका?" प्रेमाने विचारलं.

"ती बाजारातली!"

प्रेमाने कपाळावर हात मारला. "चला वर. दोन्ही झाडं डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला."

कमरेला कोयता खोवून मालन निघाली, मागून धोंडू कुरकुरत. नंदूलाही हाक मारून घेतलं. भाद्रपदाचं ऊन पाठ भाजत होतं, पायाखाली शेवाळ निसटत होतं. तेरड्याने सगळा उतार गुलाबी केला होता, पण बघायला कुणाचं मन ठिकाणावर नव्हतं.

कड्याच्या कपारीत चवई उभी होती. भोवती नुसता काळा दगड. धोंडूने चपला काढून तिला हात जोडले.

"बुंधा बघा," प्रेमा धापा टाकत म्हणाली. "खाली घागरीसारखा फुगलाय. पावसाळा सरला की पानं जातील, गड्डा तेवढा कपारीत जगेल. हिला पिल्लं फुटत नाहीत. एकदा घड टाकला की संपली बिचारी."

मालन चवईकडे बघत राहिली. जात्यावर बसल्यासारखं तिच्या तोंडून हळूच आलं,

"रानकेळीच्या बेटात, लेकीबाळींचा गं मेळा,
चवई बाई कड्यावरी, एकली काढी पावसाळा."

"गाणी नंतर गावा, वैनी. पान बघा, पान! केळीचाच मा?"

खाली ओढ्याकाठी उतरले. तिथे रानकेळीचं बेट होतं. बुंधे सडपातळ, एका आईभोवती पाच-सहा पिल्लं, पाण्याच्या अंगाने दाटीवाटीने वाढलेली.

"आता बोला," नंदू म्हणाला. "ही बारा महिने हिरवी. आई गेली तरी पिल्लं उभी."

"पान सारख्या."

"अहो, रानातली तेरी नि घरचं अळू पण सारखंच दिसतं. खाऊन बघा, घसाच सांगेल तुम्हाला."

"तू मधे बोलू नको रे! बी बघ. दोघींच्या केळ्यात काळी खड्यांसारखी बी. मगे?"

"मगे काय मगे?" प्रेमाचा आवाज फाटला. "बुंधा वेगळा, वाढ वेगळी, जागा वेगळी. तुम्हाला झाड बघायचंच नाहीये, काका. तुम्हाला नुसतं नाही म्हणायचंय." ती पाठ फिरवून ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. नंदू पुढे झाला, मग मालनकडे बघून थबकला.

धोंडूचेही पाय भरून आले होते. बसावं तर दगड ओलागच्च. "वैनी, कोयतो दी," म्हणत त्याने कोयता ओढून घेतला आणि एका घावात रानकेळीचं रुंद पान उतरवलं. बुडाखाली घ्यायला.

"अहो काका!" नंदू किंचाळलाच. "देवक कापलंत!"

"तुमचा! आमचा न्हय!" धोंडू त्याच तिडिकीत ओरडला.

प्रेमा गर्रकन वळली. बोललेलं परत गिळता येतं का, असं चाचपडल्यासारखे धोंडूचे ओठ हलले. नंदू मात्र खाली वाकला होता. ओढ्यातली ओली माती घेऊन तो कापल्या देठावर थापत होता, मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावावी तशी.

मालनने धोंडूच्या हातून कोयता काढून घेतला.

"भावजी, व्याह्यांच्या देवकाक पाता लावलास," ती म्हणाली. "हात जोडा."

पान काखेत धरून धोंडूने हात जोडले.