पोरांची आणि कुत्र्यांची गाडी

बहारीनची नोकरी सोडून ग्रेगरी कायमचा मरोळला परतला, तेव्हा त्याने आधी आपल्या वाटणीचं जुनं घर पाडून दोन मजली बांधलं आणि मग गाडी आणली. माणूस चंद्रावर उतरला तेच वर्ष. गावठाणात चंद्रापेक्षा ग्रेगरीच्या गाडीचीच चर्चा जास्त झाली.

गाडी होतीच तशी. माहुलकडच्या एका कारखान्यातला गोरा इंजिनीअर मायदेशी निघाला होता, त्याची ती भलीथोरली अमेरिकन वॅगन. रंग सायीसारखा, बाजूंना लाकडी पट्टे, आत मरून रंगाच्या चामडी सीटांच्या तीन ओळी आणि मागचं अख्खं दार वर उघडणारं. ती पहिल्यांदा गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसलेल्यांना पाय वर घ्यावे लागले.

"त्या इंजिनीअरची मडम स्वतः म्हणाली मला," ग्रेगरी भेटेल त्याला सांगायचा. "ही गाडी कुटुंबासाठीच बनवलेली आहे. तिकडची माणसं पोरं आणि कुत्री एकत्र कोंबतात आणि समुद्रावर जातात. त्यांची दोन पोरं, दोन दांडगी कुत्री हिच्यातच वाढली. बघ, एक ओरखडा तरी दिसतो का?"

ओरखडा नव्हता, आणि पुढेही पडू नये म्हणून ग्रेगरीने नियम केले. त्याची स्वतःची पोरं, पेट्रिशिया आणि लुईस, चपला हातात घेऊन गाडीत चढायची. सीटांवर आधी वर्तमानपत्रं पसरली जायची. बांद्र्याच्या जत्रेहून येताना लुईसला गाडी लागली आणि तो ओकला, तर त्यानंतर तो महिनाभर सीटखाली, पायांजवळ बसून प्रवास करत होता.

समोरच्या जुन्या घरात ग्रेगरीचा धाकटा भाऊ विन्सेंट आणि त्याची बायको आयरीन राहायची. विन्सेंट गिरणीत फिटर होता. भावासमोर मान वर न करणारा. आयरीन वेगळी. बोलायची कमी, पण तिने मनात धरलेलं सुटत नाही हे तिच्या माहेरीही सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा पाळणा माळ्यावरून खाली उतरला होता आणि दोनदा तसाच रिकामा परत वर गेला होता. दुसऱ्या वेळेनंतर विन्सेंटने कुठूनसं कुत्रीचं एक पिल्लू आणलं. तीच डॉली. आयरीन बाजाराला निघाली की डॉली पुढे, चर्चला गेली की पायरीवर बसून राहणार.

त्या वर्षी नाताळच्या आधी डॉली व्याली. चार पिल्लं झाली. डोळे उघडायच्या आत दोन गेली, दोन उरली. एका सकाळी डॉली पिल्लांना पाजून जरा उन्हात, गल्लीतल्या दगडी क्रूसापाशी येऊन पडली होती. ग्रेगरीने गाडी मागे घेतली. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि उठेल असं धरून चालला. आयरीन ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला आधी आवाज आला, मग दिसलं.

ग्रेगरी उतरला. त्याने पहिल्यांदा वाकून गाडीचा मागचा बंपर पाहिला, खिशातला रुमाल काढून पुसला, आणि मग म्हणाला, "रस्त्यात झोपायची सवय लावली तर असंच होणार. विन्सेंट, उचल हे लवकर. पोरं बघतील."

आयरीन डॉलीचं डोकं मांडीवर घेऊन धुळीतच बसली होती. तिला रडू फुटलं. गाडीची काच खाली करून तिची जाऊ ज्युलिया म्हणाली, "अगं, कुत्रीच होती ना. एवढं काय त्यात? पोटचं गेलं असतं तर समजलं असतं." थोडं थांबून, जणू दिलासाच देतेय अशा आवाजात तिने पुढचं वाक्य टाकलं. "तुला तरी काय कळणार म्हणा ते."

आयरीनचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिने वर पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा वैनी, तुम्हाला उशीर होत असेल."

त्या दिवसापासून ती रडली नाही. उरलेल्या दोन पिल्लांपैकी एक त्याच आठवड्यात गेलं. दुसऱ्याला तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाचवलं. तपकिरी रंगाचा, छातीवर पांढरा ठिपका असलेला कुत्रा. वाचला, आणि दांडगा वाचला.

त्याचे दात शिवशिवायला लागले तेव्हा आयरीन अंधेरी स्टेशनबाहेरच्या चांभाराकडे गेली आणि चामड्याचे तुकडे घेऊन आली. त्यांना तिने सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची पूड चोळली, उन्हात ठेवले आणि पिल्लापुढे टाकले. पिल्लू खूश झालं. चावणं, फाडणं, पंजाने ओरबाडून आतलं शोधणं, सगळं ते त्या चामड्यावर शिकलं. दोन तुकडे शिवून तिने मध्ये काथ्या भरला आणि काथ्यात सोडे लपवले. पिल्लू शिवण उसवायला शिकलं. चप्पल चावली की मात्र त्याच्या नाकावर चापट बसायची, लाकूड चावलं तरी चापट. फक्त गादीसारखं शिवलेलं चामडं उसवलं की आयरीन त्याला जवळ घ्यायची, कान खाजवायची.

विन्सेंटने विचारलं, "हे काय चाललंय तुझं?"

"दात येतायत त्याला," ती म्हणाली.

विन्सेंट दारातून समोरच्या गाडीकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. पण डॉलीला त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, आणि ज्युलियाचं ते वाक्य त्यानेही ऐकलं होतं. त्याने डबा उचलला आणि तो गिरणीवर निघाला.

फेब्रुवारीत चर्चमध्ये पेट्रिशियाचं पहिलं कम्युनियन झालं. ग्रेगरीने अंगणात मांडव घातला. जेवायला मटणाचं इंद्याल, तळलेले फुगे, शेवटी केक. पाद्रीसाहेब मधल्या खुर्चीत. पांढऱ्या झग्यातली पेट्रिशिया भेटी घेत फिरत होती. आयरीन शेवटी पुढे आली. तिच्या हातात टोपली होती, टोपलीवर नवा टॉवेल. पेट्रिशियाने टॉवेल उचलला आणि आतल्या तपकिरी डोळ्यांकडे बघून ती मटकन खालीच बसली. लुईस धावत आला.

"माझा आहे?" पेट्रिशियाने विचारलं. "काकी, माझाच?"

"तुझाच."

ज्युलियाचा चेहरा बदलला. ग्रेगरी हसत हसत पुढे झाला. "आयरीन, तू प्रेमाने दिलंस, पण आमच्याकडे कुत्रा कसा जमेल? सगळं नवीन घर, गाडी..."

"तेच म्हणते मी भावोजी," आयरीन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, ही गाडी पोरांसाठी आणि कुत्र्यांसाठी बनवलीय म्हणून. पोरं तर होतीच. कुत्रा तेवढा राहिला होता."

मांडवात हसू पसरलं. गाडीचं ते कौतुक इथल्या प्रत्येकाने निदान चारदा ऐकलं होतं. पाद्रीसाहेबही हसले. "आता काय बोलणार ग्रेगरी? पोरीचा आजचा दिवस आहे." पेट्रिशियाने पिल्लू झग्याला घट्ट धरलं होतं. ग्रेगरीला हो म्हणावं लागलं.

लुईसने त्याचं नाव रॉकेट ठेवलं.

रॉकेटला गाडीत घ्यायचं नाही असा नवा नियम झाला. पण आठ-नऊ वर्षांची पोरं नियम कधी पाळतात? बाप दुपारी झोपला की दोघं मागचं दार उघडून रॉकेटला आत घ्यायची आणि गाडी गाडी खेळायची. सुरुवातीला कोपऱ्यातली एक शिवण सुटली. ग्रेगरीने पोरांना फटके दिले. मग तिसऱ्या ओळीच्या सीटवर दातांच्या खुणा दिसल्या. ग्रेगरी म्हणाला कुत्रा बांधा. पोरांनी बांधला आणि डोळा चुकवून सोडला. समोरच्या ओट्यावर आयरीन मासळी साफ करत बसलेली असायची. तिला गाडीची मागची काच दिसायची, आणि काचेआड कधी दोन काळी डोकी, कधी दोन डोकी आणि एक तपकिरी कान.

तिला घाई नव्हती. एप्रिलात ज्युलियाच्या भाचीचं लग्न भांडुपला होतं. नवरी ग्रेगरीच्या गाडीतून चर्चला जाणार, हे पत्रिका छापायच्या आधीच ठरलेलं. आदल्या दिवशी ग्रेगरीने गाडी धुतली, कापडाने घासून चकाकवली, बॉनेटवर फुलांची माळ लावायला दोरी ताणून ठेवली, आणि उकाड्याने आत वास कोंडू नये म्हणून काचा अर्ध्या खाली ठेवून जेवायला गेला. रॉकेट आता काही टोपलीतलं पिल्लू राहिला नव्हता. तो शेजारच्या भिंतीवरून उडी घेऊन अर्ध्या उघड्या काचेतून आत शिरला. त्याला बोलवायला कोणाचीही गरज पडली नाही.

आयरीनने तो आत जाताना पाहिला. हाक मारली असती तर तो उलटा धावत आला असता. तिने सुरी उचलली आणि पापलेटाचे कल्ले काढायला घेतले.

ग्रेगरी जेवून, डुलकी काढून आला तेव्हा मधली सीट पोटातून उघडी पडली होती. काथ्या आणि केस गाडीभर उडालेले. मरून चामड्याच्या लांब पट्ट्या पायाखाली. त्या सगळ्याच्या मधोमध रॉकेट पोटभर काम केल्यासारखा झोपला होता.

ग्रेगरीच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. दुसऱ्या दिवशी नवरी कुठे बसणार? शिवायला, बदलायला वेळच नव्हता. भांडुपला निरोप गेला आणि भाची कुणाच्या तरी काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून चर्चला गेली, मावशी मागून बसने. ते पुढचं. त्या दुपारी ग्रेगरी हातात चामड्याची पट्टी घेऊन नुसता उभा होता आणि ज्युलिया कपाळाला हात लावून रडत होती.

आयरीन हात धुऊन, पदराला पुसत समोर गेली. किती महिने तिने ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं.

"अगं वैनी, सीटच होती ना," ती शांतपणे म्हणाली. "एवढं काय त्यात?"

ज्युलियाचं रडणं थांबलं. ग्रेगरीने रॉकेटकडे पाहिलं, आयरीनकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला.

हिशेब इथे मिटला असता तर आयरीन कदाचित तेवढ्यावर निवली असती. पण लग्नानंतरच्या सोमवारी, पोरं शाळेत असताना, ग्रेगरीने रॉकेटला त्या फाटक्या गाडीत घातलं आणि एकटाच परत आला. पोरांना सांगितलं, पळून गेला. पेट्रिशियाने विश्वास ठेवला नाही. ती जेवेना. ताप भरला. अंथरुणात पडून ती भिंतीकडे तोंड करून राहायची.

डॉलीचं शेवटचं पिल्लू आयरीनने हत्यारासारखं वापरलं होतं आणि आता ते कुठल्या तरी रस्त्यावर होतं. पोरीचं काही वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने विन्सेंटला भावाकडे पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा विन्सेंट भावापुढे उभा राहून म्हणाला, "दादा, कुठे सोडलास ते सांग, नाहीतर पाद्रीसाहेबांना घेऊन येतो."

माहुल. गाडी जिथून आणली, त्याच बाजूला.

दोघं बसने गेली. खाडीच्या कडेने, मासे वाळत घातलेल्या पटांगणातून आयरीन हाका मारत फिरली. एका कोळणीने विचारलं, "छातीवर पांढरा आहे तो? माझी अर्धी सुकट खाल्ली मेल्याने." रॉकेट होडीच्या सावलीत पडला होता. एका पायाने लंगडत होता, अंगभर चिखल, पण पोट गच्च. आयरीनला पाहून तो असा धावला की ती त्याच्यासकट वाळूत बसली. त्या वेळी, डॉली गेल्यानंतर पहिल्यांदा, ती रडली.

घरी परतल्यावर तिने रॉकेटला ग्रेगरीच्या दारी नेलं नाही. आपल्या ओट्यावर बांधला, आणि पेट्रिशियाच्या खिडकीखाली जाऊन एवढंच म्हणाली, "तुझा कुत्रा माझ्याकडे आहे गं. बरं वाटलं की ये."

पेट्रिशिया तापातच उठून आली. मग रोज येऊ लागली, तिच्या मागे लुईस. शाळेतून आली की दप्तरं आयरीनच्या ओट्यावर पडायची. आयरीन त्यांना गूळ-खोबरं द्यायची, अभ्यास करताना जवळ बसायची. तिच्या घरात चपला काढायचा नियम नव्हता, सांडायची भीती नव्हती. ग्रेगरीने सीटा रेक्झिनच्या करून घेतल्या. रविवारी तो गाडी गल्लीत उभी करून हॉर्न वाजवायचा. पोरं ओट्यावरून मान वर करायची आणि पुन्हा रॉकेटशी खेळायला लागायची. एकदा त्याने लुईसला उचलूनच गाडीत घातलं. जुहूपर्यंत लुईस एक शब्द बोलला नाही. पावसाळ्यानंतर ग्रेगरीने गाडी विकून टाकली.

विन्सेंट एका संध्याकाळी म्हणाला, "पुरे आता. पोरांना मध्ये घालू नको."

"मी त्यांचा दुस्वास करते का?" आयरीनने विचारलं.

"नाही. तू जीव लावतेस. म्हणूनच म्हणतो."

तो खरं बोलत होता, आणि तरीही तिला थांबायचं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास ज्युलिया स्वतः आली. गल्ली ओलांडून ती या ओट्यावर कित्येक महिन्यांत चढली नव्हती. ती खांबाला धरून उभी राहिली. "आयरीन, पोरं रात्री जेवायलासुद्धा इथेच थांबतात. पेट्रिशिया माझ्याशी धड बोलत नाही. त्यांना परत पाठव गं."

"मी कुठे बांधून ठेवलीत त्यांना वैनी? दार उघडंच असतं."

"तू सांगितलंस तर ऐकतील."

"आईचं ऐकत नाहीत, मग माझं कसं ऐकतील?" आयरीनचा आवाज मऊ होता. "मला तरी काय कळणार म्हणा त्यातलं."

ज्युलियाचे ओठ हलले. क्षमा मागायला, की शिवी द्यायला, ते आयरीनला कळलं नाही आणि तिने समजून घेतलंही नाही. ज्युलिया खाली मान घालून पायऱ्या उतरली आणि आपल्या घरी गेली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या खिडकीत तिची सावली दिसली.

पेट्रिशिया आतून कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन आली. "काकी, वेणी घाल ना."

उन्हं अजून कौलांवर होती. आयरीनने ओट्यावरची खुर्ची उचलली आणि जरा पुढे, खिडकीतून नीट दिसेल अशा जागी ठेवली. मग पोरीला पुढ्यात बसवून, एकेक बट मोकळी करत, ती सावकाश तिचे केस विंचरू लागली.