न धुतलेला वॉर्ड

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात मुख्य नर्स स्टूल टाकून बसली होती. तिला सगळा दवाखाना आक्का म्हणायचा आणि वचकून असायचा. झाडूवाली मावशी पुन्हा बादली घेऊन आली, तशी ती खेकसली, "मावशी, एक थेंबसुद्धा पुसायचा नाही. सांगून ठेवते!"

"अगं, पण पाहुणे यायचेत ना? असली घाण दाखवायची त्यांना?"

"हेच तर दाखवायचंय."

आदल्या दिवशी उखळी तोफेचा गोळा छप्पर फोडून आत पडला होता. खाटा पिळवटल्या होत्या, रक्त छतापर्यंत उडालं होतं आणि गोळ्याचं शेपूट फरशीत रुतून बसलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर आक्काची धाकटी बहीण होती, पोटातल्या बाळासकट. तिला चादरीत गोळा करून न्यावं लागलं. गोळा डागणारं पलीकडचं सैन्य म्हणालं, तिथं बाळंतिणी नव्हत्याच, दारूगोळा होता. फोटो पाठवले, तर ते बनावट ठरवले. म्हणून युद्धविरामासाठी खटपट करणारे परदेशी राजदूत आज वॉर्ड स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. त्यांनी साक्ष दिली की गोळा डागणाऱ्यांवर खटला उभा राहणार होता. युद्धविराम होवो न होवो, आक्काला तो खटला हवा होता.

आता या राजदूतांची एक रीत होती. कुठं जायचं तर रस्ता आणि वेळ दोन्ही सैन्यांना आधी कळवायची. सुरक्षिततेसाठी म्हणे! 'तीव्र चिंता' व्यक्त करून घसा बसलेल्या त्या शहाण्यांनी आजही ती रीत इमानेइतबारे पाळली. तोफवाल्यांना आयताच पत्ता मिळाला.

दवाखान्याच्या वळणावर गोळ्यांमागून गोळे पडले. आक्का बाहेर धावली. राजदूतांची गाडी पेटली होती आणि चालक आत बसल्या जागी जळत होता. कोपऱ्यावरचा फळवाला पोटातून बाहेर आलेली आतडी दोन्ही हातांनी सावरत पायरीपर्यंत आला आणि तिथंच कोसळला. एक बाई स्वतःचा तुटलेला हात शोधत होती. तेवढ्यात पुढचा गोळा थेट ऑपरेशन थिएटरवर पडला.

"आक्का!" डॉक्टर ओरडला. "थिएटर गेलं. पाणी आणि उजेड आता फक्त तुझ्या वॉर्डात आहे. धू तो!"

"नाही धुणार! माझी बहीण आहे तिथं."

"आणि ही माणसं?"

फळवाला तिच्याकडेच बघत होता. आक्काच्या तोंडून एक घाणेरडी शिवी निघाली. मग तिनं मावशीच्या हातातली बादली हिसकावून फरशीवर ओतली. लाल पाणी मोरीकडे वाहू लागलं. खाट सरळ बसेना, म्हणून गोळ्याचं शेपूट तिनं पहारीनं उपटून खिडकीबाहेर भिरकावलं. रडतरडत ती भिंत घासत राहिली.

फळवाला टेबलावर घेण्याआधीच गेला. खिडकीजवळच्या खाटेवर, गाडीबाहेर फेकल्या गेलेल्या एका राजदूताला आणून टाकलं. त्याचा पाय गुडघ्याखाली कातड्याला लोंबत होता.

"तो वॉर्ड," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मला बघायचाय. त्यासाठीच आलो."

आक्कानं त्याच्या मांडीवरचा पट्टा करकचून आवळला. तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"पुसला, साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला ठेवायला दुसरी जागा नव्हती."

डॉक्टरनं करवत मागितली. तिनं ती त्याच्या हातात दिली आणि राजदूताचे खांदे घट्ट दाबून धरले.