मावशीने लिहिलेले एकच वाक्य

मित्रांनो, मी फळा आहे. लाकडाचा, काळ्या रंगाचा आणि स्वभावाने जरा फटकळ. एका सुताराने मला शाळेसाठी घडवले. तिथे चकचकीत पांढरे फळे आले, तसा मी जिन्याखाली जाऊन पडलो. पुढे पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याने मला नेऊन जेवणाच्या खोलीत टांगले. डब्यांच्या वासात का होईना, पुन्हा काम मिळाले याचा मला कोण आनंद झाला!

कामगारांना इंग्रजी सूचना वाचता याव्यात, अशी खोके घेणाऱ्या परदेशी कंपनीची अट होती. म्हणून जेवणानंतर अर्धा तास सर शिकवायला येत. सर मोठे सालस, पण व्याकरण सुरू झाले की त्यांना जगाचा विसर पडे. तेव्हा वर्तमानकाळातला कर्मणी प्रयोग चालला होता.

"ज्याच्यावर काम होतं, ते आधी लिहायचं," सर सांगत. "एक असेल तर इज, जास्त असतील तर आर. मग क्रियापदाचं तिसरं रूप. करणाऱ्याचं नाव गाळलं तरी चालतं."

त्यांचा एक शिरस्ता होता. कारखान्यात रोज घडणारी एखादी गोष्ट रोज एकाने माझ्यावर लिहायची. 'द फ्लोअर इज स्वेप्ट.' 'द बॉक्सेस आर काउंटेड.' असली निरुपद्रवी वाक्ये अंगावर घेऊन मी सुखात होतो.

वर्गात सगळ्यांत वयस्कर होती मावशी. तिची लेक पुठ्ठा कापायच्या यंत्रावर काम करी. त्याच्या पात्यापुढे बोटे वाचवणारी जाळी असते, पण काम झपाझप उरकावे म्हणून मुकादम ती रोज सकाळी काढून ठेवी. मावशीने त्याला किती विनवले! "अहो, पोरीचा हात जाईल." मुकादम म्हणे, "मग बसव तिला घरी."

एके दिवशी त्या परदेशी कंपनीची तपासनीस बाई वर्ग पाहायला आली. मुकादम तिच्या मागेच उभा होता. मावशी उठली. तिचा हात इतका थरथरत होता की खडू दोनदा मोडला. आठ दिवस घोकलेले वाक्य तिने लिहिले : 'द गार्ड इज रिमूव्ह्ड एव्हरी मॉर्निंग.' रोज सकाळी जाळी काढली जाते.

आणि सरांनी काय करावे? शेजारी बरोबरची खूण केली! "शाब्बास मावशी! इज आलं, तिसरं रूप आलं, अगदी बिनचूक!" मग मुकादमाचा चेहरा दिसला आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

बाईने इंग्रजीत विचारले, "हे खरं आहे का?"

मावशीला बाईच्या भाषेत तेवढे एकच वाक्य येत होते. तिने आशेने सरांकडे पाहिले. पण सरांनाही नोकरी होती, घरदार होते.

"छे हो, सरावाचं वाक्य आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मला घाईघाईने पुसले. बाई मान डोलावून निघून गेली.

नवव्या दिवशी लेकीची तीन बोटे गेली. किंकाळी माझ्यापर्यंत आली, मित्रांनो. जन्मात मला माझी इतकी लाज वाटली नव्हती.

महिन्याने मावशी लेकीचे सामान न्यायला आली. खोलीत सर एकटेच होते. "मावशी, मला माफ करा," ते कसेबसे म्हणाले.

"सर, माझं वाक्य बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"मग पुसलंत का?"

मावशी पिशवी उचलून गेली.

मित्रांनो, मला रंग द्या, धूळ झटका, असे मी मागत नाही. पण कुणी थरथरत्या हाताने तुमच्यासमोर काही लिहिले, तर त्यातल्या चुका नंतर शोधा. आधी ते माणूस काय सांगते आहे ते वाचा. आणि ते खरे असेल, तर कुणाच्याही भीतीने पुसू नका.